जुने गाणे, नवे गाणे आणि आपली वही

आपल्या मंडळाच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. मी काही लेखिका नव्हे, आणि गायिका तर मुळीच नव्हे. दुसऱ्या शनिवारच्या गाण्याच्या बैठकीत सतरंज्या घालणे आणि शेवटी कॉफीचे पेले मोजून घेणे एवढेच माझे काम. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांत जास्त ऐकलंय. तेच लिहा." त्यावर मला उत्तर सुचेना.

नव्याने राहावयास आलेल्या शेजारणींसाठी सांगते. आपल्याकडे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी चार वाजता भगिनी जमतात. प्रत्येकीने दोन गाणी आणावयाची. एक आपल्या जिवाभावाचे जुने आणि एक अलीकडेच कानी पडलेले नवे. गाता येत असेल तिने गावे, येत नसेल तिने मोबाईलवर ऐकवावे, आणि ते का आवडले हे चार वाक्यांत सांगावे. नियम साधाच आहे. पण मागच्या आषाढात त्यावरून चांगलीच वादावादी झाली. एका धाकट्या सूनबाईंनी 'सैराट'मधले गाणे लावले, तेव्हा एक ज्येष्ठ भगिनी उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "हे जर इथे वाजणार असेल, तर आम्ही घरीच बसतो." सूनबाईंचे डोळे भरून आले. अध्यक्षबाईंनी कसेबसे निभावून नेले; परंतु पुढच्या दोन शनिवारी निम्म्या सतरंज्या रिकाम्याच राहिल्या.

त्या रिकाम्या सतरंज्या गुंडाळताना मनात आले की, आज आपण ज्याला जुने आणि सोज्ज्वळ म्हणतो, ते आले तेव्हा कसे आले होते, हे एकदा आठवून पाहावे. म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात नाटकापासूनच करते. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'संगीत शाकुंतल' १८८० साली पुण्यात रंगभूमीवर आले आणि मराठी माणसाला पदांचे वेड लागले. पुढे बालगंधर्वांचे युग आले. १९११ चे 'मानापमान', त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांच्या. १९१६ चे 'स्वयंवर', त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. माझी आजी सांगे की, बालगंधर्व पातळ कसे नेसतात, अंबाडा कसा घालतात, हे पाहून घरंदाज बायका तसे करू लागल्या होत्या. पुरुषाने स्त्रीचे रूप घ्यावे आणि स्त्रियांनी ते पाहून नटावे! आणि गंमत अशी की, त्याच घरंदाज बायकांनी गळा मोकळा करून गायलेले मात्र कोणाला खपत नसे. गाणे ऐकावे, पण गाऊ नये, अशी रीत. १९१९ साली आलेल्या 'एकच प्याला'तील पदांच्या चालींना पुण्याच्या सुंदराबाईंचा हात लागला होता. लावणी-ठुमरी गाणाऱ्या त्या थोर बाई. त्यांच्या चाली घरोघर पोचल्या. पण त्या काळी त्यांना स्वतःला किती घरांत पाटावर बसविले असते, याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ही कोंडी फोडणाऱ्यांत हिराबाई बडोदेकरांचे नाव आदराने घ्यावे लागते. अब्दुल करीम खाँसाहेबांची ही कन्या. तिकीट लावलेल्या जाहीर मैफलीत शांतपणे बसून, हातवारे न करता ख्याल गाणारी स्त्री लोकांनी तोवर फारशी पाहिलीच नव्हती. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले, तेव्हा सर्वांनाच ते योग्य वाटले. पण पहिल्या मैफलीच्या वेळी पुढच्या रांगेतले चेहरे कसे असतील, याची कल्पना आपण करू शकतो. तसेच १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकाचे. गोव्याहून आलेल्या ज्योत्स्नाबाई भोळे त्यात गायल्या. स्त्रीची भूमिका स्त्रीने करावी, यात आज काय नवल? पण तेव्हा ती बातमी होती.

आता तबकडीकडे वळू. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचे गायस्बर्ग नावाचे साहेब कलकत्त्याला आले आणि त्यांनी गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जात जर्मनीतल्या हानोव्हरला. तिथल्या कारागिरांना गाणे कोणाचे ते कळावे, म्हणून गाणे संपताच गौहरजान स्वतःचे नाव इंग्रजीत मोठ्याने सांगत. लाखेची ती तबकडी मिनिटाला ७८ वेळा फिरे आणि एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. तासभर चालणारा ख्याल तीन मिनिटांत कसा बसवावयाचा? जुन्या उस्तादांपैकी अनेकांना ही विटंबनाच वाटली. पण याच तीन मिनिटांच्या मापात आपले भावगीत अगदी चपखल बसले. एक लहानशी कविता, एक सोपी चाल, एक भाव. ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशी यांनी गायिली आणि घराघरांत गेली. पुढे गजाननराव वाटव्यांनी भावगीतांचे कार्यक्रम करून गावोगाव माणसे गोळा केली. शास्त्रीय गाणे जाणणारे तेव्हा नाके मुरडीत. कवितेला चाल लावून गाणे हे गाणेच नव्हे, असे म्हणत. आज आपल्या शनिवारी 'जुने आणि जिवाभावाचे' म्हणून जी गाणी येतात, त्यांतली निम्मी हीच आहेत!

यानंतर मी स्वतः पाहिलेले सांगते. माझे बालपण वाईला गेले. आमच्या वाड्यात रेडिओ नव्हता. समोरच्या वकिलांकडे होता आणि त्यावर भरतकामाचा अभ्रा घातलेला असे. १९५३ च्या गांधीजयंतीला पुण्याचे रेडिओ केंद्र सुरू झाले आणि १९५५ च्या १ एप्रिलला, रामनवमीच्या मुहूर्तावर, त्या केंद्रावरून गीतरामायण सुरू झाले. त्या वेळी मी आठ वर्षांची होते. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, स्वर सुधीर फडक्यांचे, आणि ही कल्पना ज्यांच्या डोक्यातून निघाली ते सीताकांत लाड. दर शुक्रवारी सकाळी पावणेनऊला एक नवे गीत लागे. त्या वर्षी अधिक महिना आल्यामुळे गीतांची संख्या ५६ झाली. माणिक वर्मा, लता मंगेशकर, मालती पांडे, वसंतराव देशपांडे, ललिता फडके अशा कितीतरी गळ्यांतून रामकथा उतरली.

शुक्रवारी वकिलांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. वकिलीणबाई रेडिओला हळदकुंकू वाहत, उदबत्ती लावीत. माझी आजी चपला बाहेर काढून हात जोडून बसे. पण याच आजीने पहिल्या शुक्रवारी येण्यास साफ नकार दिला होता, ही गोष्ट आता किती जणींना खरी वाटेल? "रामाचं चरित्र डब्यातून ऐकायचं? तेही तबल्यापेटीवर? कीर्तनकार काय मेले सगळे?" असे तिचे शब्द होते. दुसऱ्या शुक्रवारी आई तिला हाताला धरून घेऊन गेली. तिसऱ्या शुक्रवारी ती आमच्या आधी जाऊन बसली.

गाणे एकदा ऐकले की संपले. शनिवार-रविवारी पुन्हा लागे, पण हातात काही राहत नसे. वर्तमानपत्रांत त्या त्या आठवड्याचे गीत छापून येऊ लागले, तेव्हा आई ते कात्रण कापून खळीने वहीत चिकटवू लागली. कडेला पेन्सिलीने लिहून ठेवी की, इथे आवाज वर जातो, इथे थांबावयाचे. तिला स्वरलिपी येत नव्हती. वहीच्या पानांवर तिने आपली स्वतःचीच लिपी तयार केली होती.

आईच्या वहीत एक गोष्ट मात्र नव्हती, आणि ती म्हणजे सिनेमाचे गाणे. वडिलांना ते खपत नसे, आणि सरकारलाही खपत नव्हते म्हणा! १९५२ साली बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमासंगीत जवळजवळ हद्दपार झाले. त्यापूर्वी १९४० पासून साध्या पेटीलाही नभोवाणीच्या दारात मज्जाव होता. परक्या वाद्याने आपले स्वर बिघडतात, असे जाणकारांचे म्हणणे होते. तो मज्जाव सुमारे तीस वर्षे टिकला. वर लिहिलेले आजीचे "तबल्यापेटीवर" हे शब्द आठवून मला आता हसू येते, कारण ज्या पेटीची तिने धास्ती घेतली होती, तिला तिथे शिरकावच नव्हता. सिनेमाची गाणी मात्र कोणी थांबवू शकले नाही. लोकांनी रेडिओचा काटा फिरवून सिलोन गाठले. १९५२ च्या डिसेंबरात तिथे 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानींचा आवाज भिंतींतून झिरपू लागला. अखेर १९५७ साली आकाशवाणीने विविध भारती सुरू केली. श्रोत्यांच्या कानांपुढे सरकारने हात टेकले, ते असे.

लग्न होऊन मी इकडे आले ती १९६९ साली. स्वयंपाकघरात रेडिओ होता आणि दुपारी मुंबई केंद्रावरचे 'वनिता मंडळ' ऐकत मी निवडणटिपण करी. फर्माइशीच्या 'आपली आवड' कार्यक्रमाला मी दोनदा पत्र पाठविले होते. एकदा माझे नाव वाचले गेले, तर शेजारपाजारच्या बायका पेढे मागावयास आल्या! आपले गाणे दुसऱ्याला ऐकवावे आणि दुसऱ्याचे आपण ऐकावे, ही हौस आपल्या दुसऱ्या शनिवारच्याही आधीची आहे, हे सांगण्यासाठी एवढे लिहिले.

आता जे लिहावयाचे ते लिहिताना हात थोडा अडखळतो. पण ते टाळले तर या लेखाला अर्थ नाही.

माझ्या सासूबाई मूळच्या मुळशीकडच्या. शाळेत गेल्या नव्हत्या. विठ्ठल, माहेर, भाऊ, लेक यांच्यावरच्या शेकडो ओव्या त्यांना येत. १९८३ साली यजमानांनी टेपरेकॉर्डर आणला, तेव्हा थोरल्या नणंदेने हट्ट धरला की, आईच्या ओव्या भरून ठेवू या. सासूबाई बिचाऱ्या यंत्रासमोर खुर्चीवर बसल्या, आणि एकही ओवी त्यांना आठवेना. "अगं, हात मोकळा असला की ती येत नाही," असे त्या म्हणाल्या. शेवटी माळ्यावरचे जाते खाली काढले. मूठभर जोंधळे घातले. त्यांनी खुंट्याला हात घातला, दोन फेरे झाले, आणि मग ज्या ओव्या सुरू झाल्या त्या साठ मिनिटांची फीत संपेपर्यंत थांबल्या नाहीत. जात्याची घरघर हाच त्यांचा तंबोरा होता.

त्यानंतर चार-सहा महिन्यांनी एका दुपारी रेडिओवर माझे एक अत्यंत आवडते गाणे लागणार होते. घरात कोरी कॅसेट नव्हती. मी हाताला आली ती घातली आणि बटण दाबले. ती कोणती होती हे मला ठाऊक नव्हते, असे मी आजवर सांगत आले. परंतु साठी उलटलेल्या मंडळाच्या स्मरणिकेत तरी खरे लिहावे. मला ठाऊक होते. एकाच बाजूवर, थोडेसेच पुसले जाईल. सासूबाई काय, आहेतच. पुन्हा म्हणतील, असे वाटले. पुढे दुसरे गाणे आले, तिसरे आले. दिवाळीपर्यंत दोन्ही बाजू भरल्या. सासूबाईंना सांगितले तेव्हा त्या रागावल्या नाहीत. "गाण्यावर गाणंच भरलंस ना? मग झालं," एवढेच म्हणाल्या. पुन्हा जाते काढावयाचे राहून गेले. १९८६ साली त्या गेल्या. त्यांची एक ओवी मला पूर्ण येते आणि एक अर्धी. पूर्ण येते तीत घाट उतरून येणाऱ्या भावाची वाट पाहणे आहे. अर्धीत लेकीच्या पाठवणीचे काही होते. पुढे काय, ते सांगावयास आता कोणी नाही.

मी त्या दिवशी जे गाणे भरून घेतले, ते आज मोबाईलवर हवे तेव्हा मिळते. शंभर वेळा मिळते. जे पुसले, ते कुठेच मिळत नाही.

तेव्हापासून अशा ओव्या ज्यांनी टिपून ठेवल्या, त्यांच्याबद्दल मला फार कृतज्ञता वाटते. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मध्ये त्या गोळा केल्या. सरोजिनी बाबरांनी लोकसाहित्य समितीच्या कामात आयुष्य वेचले. पुण्याचे गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर यांनी तर सहकाऱ्यांसह हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या ओव्या २०१७ पासून 'पारी' या संकेतस्थळावर गाणाऱ्या बायांच्या नावागावासह वाचावयास आणि ऐकावयासही मिळू लागल्या. माझ्या नातीने मला त्या उघडून दाखविल्या. मुळशीच्या एका बाईचा आवाज आला आणि मागे जाते. मी तो पुरता ऐकू शकले नाही.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण तर सर्वांनाच ठाऊक आहे. लिहितावाचता न येणारी ती माउली. मुलाने, सोपानदेवांनी, आणि मावसभावाने जे टिपून घेतले तेवढेच राहिले. १९५१ च्या डिसेंबरात त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांच्या कविता १९५२ साली पुस्तकरूपाने आल्या. पुढे १९६१ च्या 'मानिनी' चित्रपटात त्यांतल्या काही गाणी होऊन घरोघर पोचल्या. म्हणजे पाहा, शेतात आणि जात्यावर जन्मलेले शब्द आपल्यापर्यंत आणून पोचविले ते याच नावडत्या सिनेमाने!

आता पुन्हा आषाढातल्या त्या भांडणाकडे येते. ज्या सूनबाईंनी 'सैराट'चे गाणे लावले, त्यांना मी नंतर विचारले की, त्यात तुम्हांला काय आवडले? त्या म्हणाल्या, "मावशी, नाचाचं नाही, ते दुसरं, शांत. त्यात मागे व्हायोलिनं आहेत ती ऐका." मी डोळे मिटून ऐकले. अजय-अतुल यांनी २०१६ च्या त्या चित्रपटासाठी पाश्चात्त्य वाद्यवृंद अमेरिकेत, लॉस एंजेलिसला मुद्रित केला, हे त्यांनीच मला सांगितले. नागराज मंजुळ्यांनी दाखविलेल्या त्या खेड्यातल्या पोरांच्या मागे एवढा मोठा वाद्यवृंद! ते सगळेच मला आवडले असे नाही म्हणणार. नाचाच्या गाण्याने माझे डोके अजूनही दुखते. पण त्या शांत गाण्यात एक जागा अशी आहे की, मी ती परत लावावयास सांगितली.

आणि ज्या ज्येष्ठ भगिनी उठून गेल्या होत्या, त्यांनाही मी भेटले. त्यांचे दुःख वेगळेच निघाले. १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' हे नाटक आले तेव्हा त्यांनी ते यजमानांबरोबर पाहिले होते. वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब आणि अभिषेकीबुवांच्या चाली. ते पद त्यांनी आपल्या बैठकीत तीनदा आणले, आणि तीनदाही पोरी मोबाईलमध्ये पाहत बसल्या. "आमचं कोणी ऐकत नाही, मग आम्ही का ऐकायचं?" असे त्या म्हणाल्या. यावर मी काय बोलणार? पण त्याच सूनबाईंनी २०१५ साली आलेला 'कट्यार'चा चित्रपट दोनदा पाहिला होता, आणि त्यात गाणारे राहुल देशपांडे हे वसंतरावांचे नातू, हे त्यांना पक्के ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की, शेजारच्या सतरंजीवर बसलेल्या आजींनी मूळ नाटक पाहिले आहे! गेल्या महिन्यात त्या दोघी एकत्र आल्या. आधी आजोबांचे गाणे लागले, मग नातवाचे. मध्ये आजींनी त्या रात्री थिएटरात काय झाले ते सांगितले. कॉफी गार झाली, आणि मला पेले दोनदा विसळावे लागले.

तेव्हा भगिनींनो, माझी एक विनंती आहे. ध्वनिमुद्रित गाण्याची काळजी करण्याचे आपल्याला कारण नाही. ते सांभाळावयास कंपन्या आहेत, संकेतस्थळे आहेत. परंतु आपल्या आईची अंगाई, आजीची भूपाळी, मंगळागौरीची आणि भोंडल्याची आपापल्या गावची गाणी कोणत्याही कंपनीकडे नाहीत. ती आपल्याच गळ्यात आहेत, आणि आपल्यातल्या बऱ्याच जणींनी सत्तरी ओलांडली आहे.

म्हणून मंडळाने एक जाड पुठ्ठ्याची वही आणली आहे. ती ग्रंथपाल भगिनींकडे कपाटाच्या वरच्या कप्प्यात राहील. जिला लिहिता येत नसेल तिने सांगावे, धाकट्या भगिनी लिहून घेतील आणि मोबाईलवर आवाजही भरून ठेवतील. कोणाकडून ऐकले, कोणत्या गावचे, कोणते काम करताना म्हणत, एवढे अवश्य नोंदवावे. नव्या गाण्यांसाठीही मागची पाने ठेवली आहेत. तीही आणखी पन्नास वर्षांनी कोणाची तरी जुनी होतील.

पहिल्या पानावर मी सासूबाईंची ओवी लिहिली आहे. तिच्याखाली ती अर्धी लिहून पुढे जागा मोकळी सोडली आहे. मुळशीकडची कोणी भगिनी असेल आणि तिला पुढचे येत असेल, तर तिने कृपा करून तेवढे पुरे करावे. माळ्यावरचे जाते मी पुसून खाली आणून ठेवले आहे. येत्या दुसऱ्या शनिवारी ते मंडळात आणीत आहे. जिला खुर्चीवर बसून आठवत नाही, तिने खुंट्याला हात घालून पाहावा.